ब्रॅडफील्डची राई

इंग्लंडांत जाऊन आलेल्या आपल्याकडील माणसास तेथें काय काय पाहिलें असें विचारिलें म्हणजे लंडनचा जुना किल्ला, वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड, शेक्सपिअरचें गांव आणि सवड मिळाली असल्यास स्कॉटलंडांतील सरोवरें, एवढीं नांवें तो भराभर सांगून मोकळा होतो. यांत वावगें कांहींच नाहीं. हाताशीं दिवस थोडे असतां नामांकित स्थळें आधीं पाहावीं हें शहाणपणाचेंच आहे. परंतु तेथील साध्या माणसानें आपल्या भूमीशीं शतकानुशतकें संसार कसा केला, हें पाहावयाचें असेल तर या स्थळांचा फारसा उपयोग होत नाहीं. त्यासाठीं एखादी जुनी राई पाहावी. आम्हीं पाहिली ती सफोक परगण्यांतील ब्रॅडफील्डची. तिचा विस्तार अवघा दोनशें एकरांच्या आसपास. आपल्याकडील वनाधिकारी इतक्या तुकड्यास जंगल म्हणावयास कचरेल.

लंडनहून ईशान्येस आगगाडीनें निघालें म्हणजे बेरी सेंट एडमंड्स हें टुमदार गांव लागतें. 869 सालीं डेन लोकांकडून मारला गेलेला राजा एडमंड पुढें संतपदास चढला, आणि त्याच्या समाधीभोंवतीं जो मठ उभा राहिला त्यावरून गांवाचें नांव पडलें. हा मठ इंग्लंडांतील अतिश्रीमंत मठांपैकीं एक. 1539 त आठव्या हेन्रीनें तो खालसा केला. आतां तेथें सार्वजनिक बाग असून तींत गारगोटीच्या भिंतींचे ओबडधोबड सुळके तेवढे उभे आहेत. मठाचें वैभव असें धुळीस मिळालें; पण त्याच मठाच्या मालकीचें जें सरपणाचें रान होतें, तें गांवापासून सहासात मैलांवर अद्यापि जिवंत आहे. तेंच हें ब्रॅडफील्डचें.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत आम्ही तेथें गेलों. आमच्या यजमानांनीं आम्हां उभयतांस गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट दिले होते. तेव्हां त्यांची आम्हांस थोडी गंमत वाटली. पण तेथील चिकणमातीनें पहिल्या शंभर पावलांतच त्यांची महती पटवून दिली. ही माती हिमयुगांतील बर्फानें ओढून आणून टाकलेली. पावसाळा हिंवाळा पाणी धरून ठेवणारी.

प्रथमदर्शनीं राई मुळींच मोठी वाटत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. गगनचुंबी वृक्ष नाहींत, गर्द काळोख नाहीं. मधून मधून सरळ वाढलेला एखादा ओक, आणि बाकी सर्वत्र जमिनीपासूनच पांच-पंचवीस सोटे फुटलेलीं झुडपें. आपल्या बांबूच्या बेटांची आठवण व्हावी अशीं. इंग्लंडांत 1600 सालापासून जेथें अखंड वन आहे त्यासच ‘प्राचीन’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यापूर्वीं मुद्दाम रोपें लावून वन वाढविण्याची चाल तिकडे फारशी नव्हती. म्हणून तेव्हां जें होतें तें बहुधा आपोआप उगवलेल्याचेंच वंशज, असा त्यांतील तर्क. ब्रॅडफील्डास मात्र एवढ्या तर्काची गरज नाहीं. तेथील तोडीच्या नोंदी 1252 पर्यंत मागें जातात. देवगिरीस यादवांचें राज्य होतें, ज्ञानेश्वरांचा जन्म व्हावयाचा होता, त्या काळीं या राईंत कुऱ्हाड चालत होती. आणि ती आजतागायत चालत आहे.

कुऱ्हाड चालत होती म्हणूनच राई राहिली, हें ऐकून आपल्याकडील वाचक चमकेल. आपल्याकडे देवराई राहिली ती देवाच्या धाकानें. तेथील वाळकी काटकीही कोणी घरीं नेत नसे. येथें सारा उलटा प्रकार आहे. हेझेल, अॅश, अल्डर, मेपल अशा झाडांस बुडापासून तोडलें म्हणजे तीं मरत नाहींत. खुंटास नवे धुमारे फुटतात आणि एका वर्षांत माणसाच्या उंचीपर्यंतही जातात. हेझेल सुमारे आठदहा वर्षांनीं, अॅश वीसपंचवीस वर्षांनीं पुन्हां तोडावयाचें. यास तिकडे कॉपिसिंग म्हणतात. सारी राई एकदम तोडावयाची नाहीं. तिचे वांटे पाडावयाचे आणि दर हिंवाळ्यांत एकेका वांट्यास हात घालावयाचा. म्हणजे शेवटचा वांटा तोडून होईतों पहिला पुन्हां तयार. मधले ओक मात्र तुळयांकरितां साठसत्तर वर्षें वाढूं द्यावयाचे. (आपल्या वनखात्यानेंही सागाच्या रानांत या पद्धतीचा अवलंब केला होता, पण तेथें ती वरून आलेल्या हुकुमाची बाब होती. येथें ती गांवकऱ्याच्या चुलीची होती.)

या सोट्यांवांचून जुन्या सफोकमधील गृहस्थाचें पानही हलत नसे. घराच्या लांकडी चौकटींत हेझेलच्या कांबी विणून वर माती लिंपीत, म्हणजे अगदीं आपल्या कोंकणांतील कुडाच्या भिंती. छपरावरील गवत जखडण्याच्या काड्या, मेंढ्यांस कोंडण्याचीं तट्टें, घेवड्याच्या वेलांचे मांडव, भट्टीचें सरपण हें सर्व येथूनच येई. जवळच्या एका खेड्यांत दांताळीं आणि विळ्यांचे दांडे करणारा लहानसा कारखाना होता, त्यास विसाव्या शतकांतही येथला माल जात असे. पुढें आगगाडीनें दगडी कोळसा गांवोगांव पोंचविला आणि इतर परगण्यांतील राया निरुपयोगी ठरल्या. ब्रॅडफील्डची तोड टिकली ती अशा किरकोळ धंद्यांच्या आधारावर. तिच्या इतिहासांत राजेरजवाडे शोधूं जाणारांची निराशा होईल.

फुलांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. एखादा वांटा तोडला म्हणजे तेथें एकाएकीं ऊन पोंचतें, आणि वर्षानुवर्षें सावलींत निजलेलीं मुळें व बिया जाग्या होतात. दुसऱ्या तिसऱ्या वसंतांत तो भाग फुलांनीं भरून जातो. आम्हीं पाहिला त्या वांट्यांत पांढरीं वुड अॅनिमोनी इतकीं दाट होतीं कीं पाऊल कोठें ठेवावें हा प्रश्न पडला. त्यांतच ऑक्सलिप: फिकट पिवळ्या फुलांचा घोस, आणि तो सगळा एकाच बाजूस लवलेला, जणूं लग्नांतील मुली एकीच्या कानांत कांहीं सांगण्यासाठीं वांकल्या आहेत. ब्रिटनमध्यें हें फूल केवळ या पूर्वेकडील परगण्यांच्या चिकणमातींतच, आणि बहुतांशीं जुन्या रायांतच, सांपडतें. नव्या लावलेल्या वनांत तें सहसा येत नाहीं. शेजारच्या शेताचा बांध ओलांडावयासही त्यास पिढ्यान्‌पिढ्या लागतात. म्हणून जाणते लोक आधीं फुलें पाहतात, मग कागदपत्रें. आणखी एक खूण म्हणजे सीमेवरचा मातीचा बांध व त्याबाहेरचा चर. तो कोठेंच सरळ जात नाहीं. सरळ रेघ दिसली तर ती अलीकडच्या मोजणीदाराची, असें खुशाल समजावें.

केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकहॅम (1939–2015) यांनीं अशा रायांच्या अभ्यासांत आयुष्य वेंचिलें. जुने दस्तऐवज एका हातीं आणि चिखलाचे बूट पायीं, अशी त्यांची पद्धति. झाडें तोडल्यानें वन नाहींसें होत नाहीं. तें नाहींसें होतें खुंट उपटून नांगर घातल्यानें, हें त्यांनीं आपल्या देशबांधवांस पुनःपुन्हां पटवून दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य वाढविण्याच्या भरांत तिकडे नेमकें हेंच झालें. पूर्वींच्या हजार वर्षांत जेवढ्या राया टिकल्या होत्या त्यांपैकीं कितीतरी तीस वर्षांत शेतांखालीं गेल्या, किंवा त्यांत सरकारी वनखात्यानें सूचिपर्णी वृक्ष लावले. ब्रॅडफील्डचीही तीच गत होत होती. तिचा मंक्स पार्क नांवाचा अर्धा. त्याचा बराच मोठा भाग 1960 नंतरच्या दशकांत यंत्रांनीं उपटून साफ केला. गांवकऱ्यांनीं आरडाओरड केली, आणि 1970 सालीं निसर्गरक्षणार्थ स्थापन झालेल्या एका संस्थेनें उरलेली राई विकत घेतली. सध्यां सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट तिची व्यवस्था पाहतो. बांधावर उभें राहून पाहिलें असतां गेलेल्या भागाचें दुःख डोळ्यांस दिसतें: एका बाजूस फुलांची बिछायत, आणि पलीकडे गव्हाचें हिरवें सपाट पीक. पीकही सुंदरच होतें. नाहीं कोण म्हणतो? पण तें कोठेंही काढतां आलें असतें.

या राईंतील सर्वांत वृद्ध रहिवासी म्हणजे एक अॅशचा खुंट. त्याचा व्यास अठरा फुटांच्या घरांत आहे. दर तोडीबरोबर तो बाहेर बाहेर पसरत गेला, मधला गाभा केव्हांच कुजून मातीस मिळाला, आणि आतां झाडांचें एक कडेंच काय तें राहिलें आहे. त्याचें वय हजार वर्षें किंवा अधिक धरतात. तोडलें नसतें तर दोनतीनशें वर्षांत तें झाड म्हातारें होऊन पडलें असतें; वारंवार तोडल्यानें तें दीर्घायुषी झालें.

त्याच अॅश जातीवर आतां संकट आहे. 1992 सालीं पोलंडांत प्रथम लक्षांत आलेला एक बुरशीरोग 2012 त ब्रिटनमध्यें पोंचल्याचें उघड झालें, आणि रानांत तो प्रथम दिसला तो याच पूर्व भागांत. बुरशीचे कण वाऱ्यावर येतात. पानें काळवंडतात, शेंडे वाळतात, आणि बहुतेक झाडें कालांतरानें मरतात. नव्या कोंवळ्या धुमाऱ्यांस तर तो अधिकच लवकर ग्रासतो. म्हणजे ज्या तोडीनें या झाडास हजार वर्षें तारलें, तीच आतां त्याच्या मुळावर यावी असा पेंच पडला आहे. तोडावें तर रोग नव्या फुटीस धरतो. न तोडावें तर खालचीं फुलें सावलींत गुदमरतात. कांहीं थोडीं झाडें मात्र उपजतच रोगास दाद देत नाहींत. तीं कोणतीं हें कळावें म्हणून बरींच झाडें उभीं ठेवून वाट पाहणें, एवढेंच तूर्त हातीं आहे.

नव्या वांट्याच्या कडेस आम्हांस एक साठीच्या पुढची बाई भेटली. ती पगारी नोकर नव्हती. हौसेनें कामावर येणारांपैकीं एक. ती हेझेलच्या डहाळ्या रचून कमरेच्या वर येईल असें कुंपण घालीत होती. “पुढची तोड कधीं?” असें आमच्या घरांतून विचारण्यांत आलें. “दहा वर्षांनीं,” ती म्हणाली, “पण अॅश राहिले तर त्यांची वीस वर्षांनीं. तेव्हां मी नसेन. म्हणून कुंपण नीट घालतें आहे.” आणि पुन्हां कामास लागली.

कुंपण कशासाठीं, हें पुढें कळलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेडफर्डच्या ड्यूकच्या वोबर्न येथील बागेंत चीनमधून हौसेखातर लहान हरणें आणून सोडलीं होतीं. त्यांपैकीं व त्यानंतर कांहीं सुटलीं, कांहीं सोडलीं गेलीं, आणि आतां तीं सर्व दक्षिण इंग्लंडभर पसरलीं आहेत. तिकडे त्यांस मुंटजॅक म्हणतात. तें नांव ऐकून आम्हांस कांहीं बोध झाला नाहीं, पण संध्याकाळीं झाडींतून कुत्र्यासारखा एक खरखरीत आवाज आला तेव्हां आमच्या मंडळींनीं एकदम “भेकर!” म्हणून हांक दिली. खरोखरच तो सह्याद्रींतल्या भेकराचा चुलतभाऊ. आपल्याकडे तो वाघ-बिबट्यांच्या भीतीनें जपून चरतो. येथें त्यास धाक कोणाचाच नाहीं. खुंटांचे कोंवळे धुमारे आणि ऑक्सलिपचीं फुलें त्यास फार आवडतात.

परततांना त्या बाईंनीं घातलेल्या कुंपणाच्या कडेनें आलों. आंतल्या खुंटांवर बोटभर लांबीचे तांबूस कोंब निघाले होते. बाहेरच्या ओल्या चिखलांत, अगदीं कुंपणास लागून, लहान टोकदार खुरांचे ताजे ठसे उमटले होते. ते कोपऱ्यापर्यंत गेले होते आणि तेथून वळून पुन्हां परत आले होते.