परातीच्या कडेत कणीक!

तुम्ही परातीची कड कधी बघितलीय? नाही, नीट! ती बाहेरून दुमडलेली असते ना, त्या दुमडीत! तिथे कणीक असते! वाळलेली, टणक, कुठल्या सालची कोण जाणे! हल्ली मी कुणाकडेही गेले की ते चहा विचारतात आणि मी परात मागते!

झालंय असं की भाचीला सिलिअ‍ॅक निघाला. गहू बंद, जव बंद, राय बंद. त्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर चाल करून जाते! आणि आता ती पुण्यात खोली घेऊन राहायला लागलीय आणि पैसे बेताचे आणि मग मी म्हटलं, भांडी जुन्या बाजारातून! बुधवारी नाहीतर रविवारी! आणि मग ती म्हणाली, "मावशी, पण त्या भांड्यांत आधी काय शिजलंय?"

अरे देवा! आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. 20 मिलिग्रॅम! चिमटीत तरी येईल का!

मी डॉक्टर नाही हं. रसायनशास्त्रात तर काठावर पास! पण ऐका! ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हेच! ते मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं! उकळा, सॅनिटायझर ओता, ढिम्म! त्याला घासूनच काढावं लागतं! साबण, भरपूर पाणी आणि नवा काथ्या! (नवाच! कणकेच्या परातीवर फिरलेला नको!) म्हणजे भांडं किती जुनं हा प्रश्नच नाही, त्यात लपायला जागा किती एवढंच बघायचं!

मग काय, मी नख परजून बाजारात! स्टीलचा डबा, आत नख फिरवलं, सुळकन! घ्या! काचेची बरणी, घ्या! पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘सप्रेम भेट’, प्रत्येक ठिपक्यात काळं काहीतरी! जुना टूथब्रश घेऊन बसा, निघतं! पोळपाट-लाटणं? पळा! लाकडाच्या भेगांत पीठ मुरलेलं! चाळणी? जाळीच्या घराघरात मैदा! चरे पडलेला नॉनस्टिक, नको! शेवयांच्या यंत्राकडे तर बघूसुद्धा नका! लोखंडी तव्यावरचा पोळ्यांचा तो काळा थर पार धातूपर्यंत उतरवणार असाल तर घ्या, नाहीतर नवा आणा, भाकरीलाही बरा. आणि हिंगाची जुनी डबी! हिंगाची! नेहमीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो! मला कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि मग पितळी पातेलं दिसलं. जड, बुटकं, आतून काळंकुट्ट! भाची म्हणाली नको, मी म्हटलं थांब, कल्हई! कल्हईवाल्यानं ते आधी खसाखसा घासलं, मग निखाऱ्यावर लाल होईस्तो तापवलं आणि मग नवसागर भुरभुरला आणि मग कथिल टेकवलं आणि कापसाचा बोळा असा गर्रकन फिरवला आणि आतून चंदेरी! सगळं आतलं अंगच नवं! (कथिलात शिसं नाही ना, तेवढं आधी विचारा.) आम्ही दोघी धुरात खोकत टाळ्या वाजवत होतो आणि तो म्हणाला, "बाई, अजून काही आहे का?"

तुमच्या माळ्यावर पितळेचं काय काय आहे? काढा! रविवारी लवकर निघू, आणि येताना नखं वाढवून या!