आपलेच पहारेकरी

ताईला ल्युपस झाला आणि घरात टॉनिकच्या बाटल्या येऊ लागल्या. “पोरीच्या अंगात प्रतिकारशक्तीच उरली नाही,” असे जो तो म्हणे. खरे दुखणे नेमके उलटे आहे.

परक्या जंतूंशी लढायला आपले रक्त प्रतिपिंडे तयार करते. ल्युपसमध्ये ती स्वतःच्याच पेशींतल्या डी.एन.ए.वर उठतात. 1957 साली शास्त्रज्ञांना ती रक्तात सापडली. चोर सोडून घरच्यांनाच धरणारे हे पहारेकरी! ही सारी धरपकड मूत्रपिंडात येऊन साचते. एकेका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात; दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात. तेथे दाह पेटला की गाळणी झिरपू लागते आणि रक्तातली प्रथिने लघवीत उतरतात.

मूत्रपिंड बिचारे कण्हतही नाही. ताईची लघवी फेसाळ होई, सकाळी पापण्या सुजत. पण दुखत काहीच नव्हते. सांधे धरले म्हणून डॉक्टरांकडे गेली, तेव्हा लघवीच्या साध्या तपासणीत सारे उघड झाले.

उपचार म्हणजे या पहारेकऱ्यांना शांत करणे. स्टिरॉइडने ताईचा चेहरा गोल झाला. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, “बरी भरलीस गो!” ताई हसली, आरशापुढे उभी राहीनाशी झाली. हा रोग होणाऱ्या दहांत नऊ बायका असतात. त्यातल्या कितीजणींची सूज अशी कौतुकात झाकली जात असेल?

उन्हाने ल्युपस उसळतो. म्हणून ताई आता मांडवीवर सूर्य बुडाल्यावरच फिरायला जाते. पण जाते.