चिमूटभर मैत्री

शत्रूशी लढायचे असेल तर आधी त्याचे गुण ओळखावेत, असे जुने लोक म्हणत. तंबाखूच्या बाबतीत मला हे फार पटते. तिचे दोष सांगणारे पुष्कळ आहेत. आता तर पुडीवरच मोठे भयंकर चित्र छापलेले असते. पण तिचा जो एक मोठा गुण आहे, त्याची वाच्यता सहसा कोणी करीत नाही. तंबाखू माणसे जोडते! एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाकडे आपण दोन रुपये मागणार नाही; पाणी मागतानाही जरा घुटमळू. पण "काय, आहे का चिमूटभर?" असे विचारताना कोणाची जीभ अडखळत नाही. आणि देणाराही नुसती देत नाही. स्वतःच्या तळव्यावर चुना लावून, मळून, वर टाळी मारून, अर्धा वाटा काढून देतो. इतक्या आपुलकीने पुढे केलेला हात मागे सारायचा म्हणजे माणसाने माणूसघाणेच व्हायला हवे!

ही बया काही आपल्या मातीतली नव्हे. अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगीजांच्या बोटीत बसून आपल्याकडे आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून अकबर बादशहाच्या दरबारी नेली. म्हणजे बादशहालाही तिची ओळख करून दिली ती आमच्या दख्खननेच. पुढे १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदीचा हुकूम काढला. जहांगीर गेला, हुकूम गेला, तंबाखू राहिली. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा मला या जहांगीराची आठवण झाली होती. हुकूम हवाच, त्यावाचून भागायचे नाही. पण हुकमाचे हात जिथे पोचत नाहीत, तिथे मास्तराला जावे लागते.

मी असाच एक मास्तर. राहणार जालन्याचा. तीस वर्षे शास्त्र शिकवून निवृत्त झालो, आणि आता अंबड, घनसावंगी, भोकरदन अशा तालुक्यांतल्या शाळांतून फिरून मुलांशी तंबाखूवर गप्पा मारतो. व्याख्यान मी देत नाही. कारण "तंबाखूने कर्करोग होतो" असे म्हटले, की मागच्या बाकावरून ठरलेले उत्तर येते, "गुरुजी, माझा आजा ऐंशीचा हाय. रोज खातो. अजून मोसंबीच्या बागेला पाणी देतो!" आता या आजोबांपुढे कोणते शास्त्र उभे करणार? ज्यांचे आजोबा पन्नाशीतच गेले, ती मुले वर्गात हात वर करीत नाहीत, एवढे मात्र मी सांगतो. वर्ग क्षणभर गप्प होतो. पण चौदा वर्षांच्या पोराला पन्नाशी ही काशीइतकी लांब असते. म्हणून मी त्याला काशीला नेत नाही. त्याच्याच तोंडाशी आणून सोडतो.

त्यासाठी माझी एक सोपी परीक्षा आहे. आपल्याच हाताची तीन बोटे जोडायची, उभी धरायची आणि तोंडात वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये घालून पाहायची. निरोगी तोंडात ती सहज जातात. सगळा वर्ग तोंडात बोटे घालून बसला, की जो हशा पिकतो त्याला तोड नाही! मुख्याध्यापकही दाराआड उभे राहून हळूच स्वतःची परीक्षा घेतात.

अंबड तालुक्यातल्या एका शाळेत असाच हशा चालला होता. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसत नव्हता. तास संपल्यावर तो माझ्यामागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, माझी दोनच जातात. काहून?"

मी विचारले, "तिखट झोंबते का रे?"

"लई. ठेचा तर खाताच येत नाही."

दीड वर्षापासून पोरगा सुपारी-तंबाखूची पुडी खात होता. त्याच्या गालांच्या आतली मऊ त्वचा ताठ होऊ लागली होती. या विकाराचे मूळ सुपारीत आहे, आणि सुपारी ही एकटीसुद्धा कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली दिला. गाल असा ताठरला की पुरता पूर्ववत होत नाही. पुडी सोडली तर रोग पुढे सरकायचा थांबू शकतो. न सोडली तर काहींच्या बाबतीत त्याचाच पुढे कर्करोग होतो.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी बाज टाकली, पाणी दिले, आणि कमरेची चंची सोडून माझ्यापुढे धरली.

"तुम्ही घेत नाही हे ठाऊक आहे गुरुजी, पण विचारायची रीत आहे."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटले, "चंची राहू द्या, चहा टाका. तुमच्यापाशी बसायलाच आलोय."

पोरगा उंबऱ्यात बसून पाहत होता. हेच वाक्य मी दुपारी त्यांच्या वर्गाकडून पाच वेळा म्हणवून घेतले होते. नुसते "नको" म्हटले की मैत्री तुटते. म्हणून तंबाखू परत करायची आणि माणूस ठेवून घ्यायचा. याची मुलांना नाटकासारखी तालीम द्यावी लागते.

मग मी बोटांची गोष्ट सांगितली. वडिलांनी लगेच स्वतःची बोटे घालून पाहिली. "माझी तर तीन जातात!"

"तुमच्या तळव्यावर सुपारी नसते. तंबाखूचा कर्करोग बोटे मोजून येत नाही," मी म्हटले. "पण याला पुडीला पैसे मिळतात कुठून?"

पोराने खाली मान घातली. बापाची तंबाखू आणायला तोच दुकानात जाई, आणि उरलेली मोड त्याची असे.

अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिचे दुकान मांडणे, २००३ च्या कायद्याने दोन्ही मना आहे. शाळेबाहेर त्यासाठी पिवळी रेघही ओढतात. पण बापच पोराला रेघेपलीकडे पाठवीत असेल, तर रेघेने काय करावे? ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उद्यापासून माझी मी आणीन." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर आणणारच नाही."

हे 'नाहीतर' काही सोपे नव्हे. पहिले तीन दिवस फार कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते. तलफ मात्र पाचदहा मिनिटांची पाहुणी असते. तेवढा वेळ घोटघोट पाणी प्यावे, चार पावले चालावे, तोंडात बडीशेप टाकावी. १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन केला तर पैसे न पडता सल्ला मिळतो. चौथ्या दिवशी ते गृहस्थ घसरले, पुन्हा उठले, पुन्हा घसरले. बहुतेकांचे असेच होते, आणि प्रत्येक खेपेला माणूस थोडा शहाणा होतो. मुलगा दातांच्या डॉक्टरांकडे गेला, तोंडाचे व्यायाम करतो, पुडीला शिवत नाही. अजून अडीच बोटांवर आहे. उरलेल्या अर्ध्या बोटाची हमी मी देऊ शकत नाही.

२०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. म्हणजे चौघांमागे एकाहून अधिक! तेव्हा शहरातल्या सुशिक्षित वाचकांनी "हे खेड्यातले आहे" म्हणून पान उलटू नये. आपल्याकडे ती फराळानंतरच्या मसाला-सुपारीच्या तबकातून येते, कारखान्यातल्या रात्रपाळीत येते, बाळंतिणीच्या मशेरीतूनही येते. या दिवाळीत पाहुण्यांपुढे तबक जरूर फिरवा. त्यात बडीशेप, वेलदोडा, खडीसाखर असू द्या. आणि घरातल्या पोराला दुकानात पाठवायचेच झाले, तर रवा आणायला पाठवा. उरलेली मोडही त्यालाच ठेवू द्या!