ऐनाचा खांब

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा कोणत्या आठवणीपासून आरंभ करावा हा प्रश्न पडला. पहाटेची वंदना, सामुदायिक भोजन, वसतिगृहातील रात्रीचा अभ्यास यांविषयी माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत. मी शाळेच्या जुन्या कुंपणाविषयी लिहिणार आहे. खरे तर त्या कुंपणाच्या एकाच खांबाविषयी.

मी आठवीत होतो. शाळेचे पटांगण त्या काळी उघडे होते. कळंब्याहून गारगोटीकडे जाणारा रस्ता फार दूर नव्हता आणि गळिताच्या हंगामात त्यावरून उसाच्या गाड्या अखंड जात. खेळताना चेंडूमागे धावणारी मुले थेट रस्त्यावर जात. कुंपण हवे, यावर पालकसभेत सर्वांचे एकमत झाले. काटेरी तार सर्वांत स्वस्त पडेल, असे कोणीतरी सुचवले. मुख्याध्यापकांनी ती सूचना मान्य केली नाही. ते म्हणाले, "कळंब्यात कारागृहाची भिंत आहे, ती पुरे. आपल्या मुलांना पलीकडचे दिसले पाहिजे आणि कुंपणाला हात लावला तर रक्त येता कामा नये." अखेर लाकडी खांब रोवून त्यांतून लोखंडी नळ्यांच्या तीन आडव्या ओळी न्याव्यात असे ठरले. नळ्यांचा खर्च शाळेने करायचा आणि शक्य असेल त्या प्रत्येक कुटुंबाने एक खांब द्यायचा.

पुढील महिनाभर खांब येत राहिले. बहुतेक बाभळीचे होते, कारण बाभूळ बांधावर मिळते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, भुदरगड तालुक्यातील आमच्या गावाहून एसटीच्या टपावर ऐनाचा खांब टाकून घेऊन आले. आमच्याकडे जमीन नव्हती, त्यामुळे बांधही नव्हता. तीन दिवसांच्या मजुरीच्या बदल्यात त्यांनी तो खांब मागून घेतला होता. शाळेच्या दारात तो खांद्यावरून उतरवताना ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या कुंपणाला खांब रोवलं. ह्यो आपल्या पोरांचा."

काम सुतारमामांकडे होते आणि आम्हा आठवी-नववीच्या मुलांना त्यांच्या हाताखाली दिले होते. पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. नळी दीड इंची, म्हणून आम्ही एका खांबाला दीड इंचाचे भोक पाडले आणि नळी आत जाईना. तेव्हा मामांनी समजावले की नळीचे माप आतल्या पोकळीवरून धरतात. दीड इंची नळी बाहेरून मोजली तर सुमारे ४८ मिलिमीटर, म्हणजे १.९ इंच भरते. भोक दोन इंचांचे हवे. पण पाच इंच जाडीच्या खांबात दोन इंचांचे भोक पाडले की दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच लाकूडच उरते. भोक बरोबर मध्यावर आले नाही, तर एक बाजू दुबळी होऊन खांब तेथेच मोडतो. शेंड्याच्या फार जवळ पाडले, तर लाकूड उभे चिरते.

मामांची पद्धत ठरलेली होती. खांबाचे दोन समोरासमोरचे अंग तासून सपाट करायचे. एका अंगावर उंची आणि मध्य यांची खूण करायची. गुण्या लावून ती रेघ कडेवरून वळवत पलीकडच्या अंगावर न्यायची आणि तेथेही तीच खूण करायची. मग बारीक गिरमिटाने दोन्ही अंगांनी अर्धे-अर्धे भोक पाडायचे. दोन्ही भोके आत एकमेकांना मिळाली, म्हणजे मोठे गिरमिट लावायचे. त्याच्या आडव्या दांड्याला दोघांनी धरून फिरवायचे, मधूनमधून बाहेर काढून भुसा झाडायचा. टोक पलीकडे डोकावले की थांबायचे, खांब उलटा करायचा आणि उरलेले काम त्या अंगाने पूर्ण करायचे. एकाच अंगाने आरपार गेले, तर बाहेर पडताना गिरमिट लाकडाची चिरफळी उडवते. शेवटी भोकाच्या आतून डांबर फिरवायचे, म्हणजे पावसाचे पाणी मुरून लाकूड कुजत नाही.

एका खांबाला तीन भोके. बाभळीच्या एका भोकालाच आमचे तळहात लाल होत. ऐन तर त्याहून कठीण. आबांचा खांब मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. एका दुपारी मामा जेवायला गेले असता, ते परत येण्याआधी आपला खांब पूर्ण करून दाखवावा, अशी मला हौस आली. एका अंगावर खूण केली. दुसऱ्या अंगावर करण्याचा कंटाळा केला. अंदाजाने गिरमिट धरले, सरळ मोठेच लावले आणि मित्राच्या मदतीने रेटत राहिलो. गिरमिट पलीकडे बाहेर पडले, ते खुणेच्या जागेपासून दीड इंच खाली. जाताना हाताच्या बोटाएवढी ढलपीही घेऊन गेले.

ज्याने असे काम केले नसेल त्याला दीड इंच क्षुल्लक वाटेल. पण वीस फुटांची नळी दोन-तीन खांबांतून ओवायची असते. एका खांबाचे भोक तिरके असले की नळी तेथेच अडते आणि सगळी ओळ खोळंबते. तो खांब ओळीत लागणार नव्हता. तीन दिवसांची मजुरी, एसटीचे सामानाचे भाडे आणि दारात उच्चारलेले ते वाक्य, सगळे मी एका दुपारी वाया घालवले होते. मी खांब भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि वर दोन पोती टाकली.

मामांनी संध्याकाळी खांब मोजले आणि पोती बाजूला केली. मी काही बोलण्याआधीच रडू लागलो. ते रागावले नाहीत. भोकात बोट घालून त्यांनी तिरकेपणा पाहिला आणि विचारले, "कुणाचा खांब?" मी सांगितले. ते बराच वेळ बिडी ओढत बसले. मग म्हणाले, "ह्यो मधी लागायचा न्हाई. पण फाटकाच्या खांबाला आरपार भोक कशाला लागतंय? नळी तिथंच संपती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडूनच काम करून घेतले. खुणेच्या बाजूने पहिले तीन इंच गोल पटाशीने कोरून सरळ केले. नळी टेकेल तेथे खालच्या फटीत पाचर बसवली. पलीकडच्या चुकीच्या तोंडात ऐनाचाच डाट ठोकून तासून काढला. उरलेली दोन भोके मी फक्त तीन इंच खोल पाडली. या वेळी खूण करताना तीनदा मोजले. बंद भोकात पाणी साचते, म्हणून त्यांत डांबर अधिक भरले. कुंपण उभे राहिले तेव्हा तिन्ही नळ्या आबांच्या खांबात येऊन थांबल्या. त्याच खांबाला फाटकाची कडी लागली.

पुढच्या पालकसभेला आबा आले. आपला खांब शोधत त्यांनी सगळी ओळ पाहिली आणि तो फाटकाशी सापडला, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. फाटकाचा मान आपल्या खांबाला मिळाला, असे ते बरोबरच्या मंडळींना सांगू लागले. मामा शेजारीच उभे होते; ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. ते न बोलणे मला पुढे अनेक वर्षे बोचत राहिले.

नोकरीत असताना सांचीला जाण्याचा योग आला. स्तूपाभोवतीच्या दगडी वेदिकेपाशी आलो आणि पाय थबकले. उभे खांब, त्यांत बसवलेल्या तीन आडव्या पट्ट्या. आमच्याच कुंपणाची रचना, दोन हजार वर्षांपूर्वीची. जाणकार सांगतात की ही घडण मुळात सुताराची आहे. पूर्वी स्तूपांभोवती लाकडी कठडे असत. पुढे दगड आला, तरी पाथरवटांनी सुताराचेच सांधे कोरले. खांबाला थभ, आडव्या पट्टीला सूची आणि वरच्या दगडाला उष्णीष म्हणतात. मी खांबाच्या कडेशी वाकून पाहिले. सूची आरपार जात नाही. दोन्ही बाजूंनी खोबण असते आणि प्रत्येक सूची खांबात येऊन थांबते. सुतारमामांनी सांची पाहिली नव्हती, पण त्यांना हे ठाऊक होते.

त्या वेदिकेवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी खांब दिला, कोणी एखादी सूची. सामान्य स्त्री-पुरुषांची, भिक्खू-भिक्खुणींची नावे तेथे आहेत. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मध्य भारतात भारहुत येथे अशाच वेदिकेचे अवशेष आढळले. त्यांवरील लेखांत करहाकट या नगराचे नाव दानकर्ता म्हणून येते. करहाकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. आपल्या भागातील माणसे इतक्या दूरच्या कठड्यासाठी दान देत होती, हे वाचले तेव्हा मला एसटीच्या टपावरचा खांब आठवला.

सांचीहून परतल्यावर मी गावी गेलो आणि आबांना सगळे सांगितले. ते तेव्हा थकले होते. ऐकून हसले. म्हणाले, "डाट दिसला हुता की मला. जन्मभर लाकडं फोडली, मला डाट कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली. अन् खांब उभा हुता की."

आता तेथे पक्की भिंत आहे. खांब जमिनीलगत कुजले होते. ते काढावेच लागले. फाटकाच्या खांबाचा वरचा भाग शाळेने मला दिला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तो माझ्या घरी दाराशी आहे. नातवंडे त्याच्या तीन भोकांत गोट्या ठेवतात. वरच्या भोकाच्या मागे तो डाट अजून घट्ट आहे. शाळेच्या या स्मरणिकेत ज्यांची नावे येणार नाहीत, अशा सर्व खांब देणाऱ्या आईवडिलांना आणि आमच्या सुतारमामांना माझे विनम्र वंदन.