हाताला हवे ते

पालमला माझ्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब आहे. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. गलका वाढला, की तो स्वतःचे मनगट चावतो, कधी रक्त येईपर्यंत. आईच्या पदराचा काठ बोटांत असला, म्हणजे मात्र निवांत बसतो. "फादर, शाळेत पदर कुठून द्यायचा याला?" असे त्या माउलीने मला विचारले.

अशा मुलांसाठी बाजारात खेळणी मिळतात. २०१७ साली गरगर फिरणाऱ्या स्पिनरचे वेड जगभर पसरले होते. मला ते साधन वर्गासाठी सोयीचे वाटत नाही. ते नजर खेचून घेते. हात गुंतावा आणि डोळे फळ्याकडे मोकळे राहावेत, हा खरा हेतू. जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने १९७२ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की त्वचा, सांधे व तोल यांच्या संवेदना मेंदू कसा जुळवतो, यावर शिकणे अवलंबून असते. त्यांच्या उपचारपद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु एकच स्पर्श एकाला निववतो नि दुसऱ्याला बोचतो, हे सांगायला ग्रंथ कशाला हवा?

म्हणून निवड मुलावरच सोपवली. सतरंजीवर घोंगडीचा तुकडा, खण, मखमल, सुतळीच्या गाठी, गुळगुळीत लाकडी मणी मांडले. घोंगडी त्याने भिरकावली. मखमल हुंगून ठेवून दिली. मण्यांवर बोटे रेंगाळली (५९ मण्यांची आमची रोझरी काय किंवा १०८ मण्यांची जपमाळ काय, बोटांना हा आधार जुनाच). शेवटी तो सरकला तो आजीच्या वाकळेकडे, आणि धावदोऱ्याच्या उंचवट्यांवरून अंगठा फिरवीत राहिला.

आजीने जुन्या लुगड्याचे चार पदर घालून, दाट टाके मारून चार बोटे रुंदीची वीतभर पट्टी शिवली. आत मणी घालावेत, असे ठरले. तिने गुंजा काढल्या. दिसायला किती देखण्या! पण चावून कवच फुटले, तर गुंजेचे विष प्राणघातक ठरते, एरंडीचेही तसेच. चिंचोके निर्धोक, परंतु धुतल्यावर कुजणार. तेव्हा लाकडी मणीच घेतले, तेही प्रत्येकी सुपारीपेक्षा मोठे. कारण हा मुलगा तोंडात घालणारच. जुन्या लुगड्याचा आणखी एक गुण असा, की त्याचा जायचा तो रंग केव्हाच गेलेला असतो.

"एकाला दिले, तर सगळी मुले मागतील," असे गुरुजी म्हणाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे शाळेने सोय करून द्यावी, असेही त्यात आहे, हे मी त्यांना दाखवले. पट्टी आवाज करीत नाही, हे पाहूनच ते अधिक राजी झाले असावेत.

मनगटावरचे व्रण आता सुकू लागले आहेत. पट्ट्या दोन आहेत; एक धुण्यात, एक दप्तरात. पहिलीचा कोपरा झिजला. नव्या कापडाची शिवून पाहिली, ती त्याने घेतली नाही. त्या लुगड्याचा दोन हात तुकडा उरला आहे. आजीने तो पेटीत जपून ठेवला असून कोणाला हात लावू देत नाही.