डोळे मिटून चाळीस शॉट

नेमबाजी शिकवणारे आमचे सर सैन्यातून निवृत्त होऊन कोल्हापुरात आले आणि एका शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एअर रायफलची रेंज थाटली. चार लेन, दोरीवर मागेपुढे सरकणारी कागदी टार्गेटं आणि उन्हाळ्यात अंग भाजून काढणारा पत्रा. मी तिथे पोचले ती एनसीसीमुळे. नव्वदचं दशक होतं. पुढे राज्य स्पर्धेपर्यंत खेळले, एक रौप्यपदक मिळालं, मग बँकेत लागले आणि रायफल सुटली. सरांनी जे दिलं ते रायफल सुटल्यावरच जास्त कामी आलं. त्यांच्या हयातीत हे त्यांना नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून आज लिहिते आहे.

मनाच्या सामर्थ्यावरची पुस्तकं तेव्हा घरोघर वाचली जात. माझ्या वडिलांनी असंच एक पुस्तक वाचून मला रोज सकाळी वहीत पानभर एकच वाक्य लिहायला सांगितलं होतं : मी राष्ट्रीय विजेती आहे. कपाटाच्या दारावरही ते स्केचपेनने लिहून चिकटवलेलं होतं. त्यामागचा वडिलांचा जीव मला कळत होता, म्हणून मीही मन लावून लिहायचे. एकदा ती वही रेंजवर सरांच्या हाती लागली. त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "या वाक्यात तुझं डावं कोपर कुठं आहे?"

मी नुसतीच बघत राहिले.

"गाल कुठं टेकलाय? श्वास आत आहे का बाहेर? बोट ट्रिगरवर कितपत आहे? विजेती नेमकं काय करते ते लिही पोरी. आणि वडिलांना सांग, वही चालू ठेवायला सरांनी सांगितलंय."

त्यांनी वडिलांचा शब्द खाली पडू दिला नाही आणि वहीचं काम मात्र पार बदलून टाकलं. चांगला शिक्षक कसा असतो याचा विचार आला की मला अजून हाच प्रसंग आठवतो.

दहा मीटरच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छरा साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याहून लहान असलेल्या त्या ठिपक्यापुढे नुसती जिद्द चालत नाही. जिद्दीने बोट दाबलं की ट्रिगर झटकला जातो आणि छरा नऊवर, आठवर जातो. म्हणून मी शॉट लिहायला लागले. पाय खांद्याइतके फाकलेले. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं. गाल रायफलच्या लाकडावर, रोज त्याच जागी. नळी वरून सावकाश खाली येते, पुढच्या साइटच्या कड्यात काळं वर्तुळ बसतं, अर्धा श्वास सोडून थांबायचं, ट्रिगरचा पहिला टप्पा, मग दुसरा. छरा सुटल्यावरही क्षणभर तशीच उभी. सर वही तपासायचे आणि जिथे मी 'नीट' किंवा 'बरोबर' असं लिहिलं असेल तिथे लाल रेघ मारायचे. नीट म्हणजे कसं, ते लिहायचं.

वही पुरेशी झाली असं त्यांना वाटलं तेव्हा डोळे मिटण्याची पाळी आली. शेडच्या कोपऱ्यात एक बाक होता. त्यावर बसून मुलींचा त्या वेळचा पूर्ण सामना, चाळीस शॉट, मनातल्या मनात खेळायचा. सर हातात घड्याळ घेऊन शेजारी उभे. प्रत्यक्षात एका शॉटला जेवढा वेळ लागतो तेवढाच मनातही लागला पाहिजे, असा त्यांचा कडक नियम. मी भराभर उरकते आहे असं वाटलं की खांद्यावर टिचकी यायची. "कितव्या शॉटवर आहेस?" सांगता आलं नाही, तर पहिल्यापासून. क्रीडा मानसशास्त्रात आज हेच शिकवतात, मनातल्या सरावाची गती प्रत्यक्ष कृतीइतकीच ठेवावी म्हणून. सर ते कुठे शिकले होते, मी कधी विचारलं नाही. सैन्यातच असावं.

आणि त्या मनातल्या सामन्यात सगळे दहाच मारायला त्यांनी मला कधीच परवानगी दिली नाही. माझे डोळे मिटलेले असताना ते हळूच म्हणायचे, "आठ आला." मग तो आठ मला बघावा लागायचा. कागदावरचं ते भोक, घशाला पडलेली कोरड, शेजारच्या लेनमधल्या मुलीचा चाललेला दहाचा सपाटा. त्यानंतर रायफल स्टँडवर ठेवायची, पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुढचा शॉट पुन्हा पायापासून मांडायचा. कधी ते म्हणायचे, "लाइट गेली." कधी मुद्दाम पत्र्याचा डबा खाली टाकायचे. अपयशाची तालीम घेणं अशुभ आहे असं आमच्यातल्या एका मुलीच्या घरच्यांना वाटायचं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. सर त्यांना म्हणाले, "आठ येणारच आहे. तो आधी ओळखीचा करून देतोय."

2008 साली अभिनव बिंद्राने बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं. पुढे त्याच्या आत्मचरित्रात तयारीची हकिगत वाचली. अंतिम फेरीच्या सभागृहाची सवय व्हावी म्हणून त्याने चंडीगडला एक मंगल कार्यालय भाड्याने घेऊन तिथे रेंज मांडली होती. ते वाचताना मला आमच्या शेडमधला तो बाक आठवला. त्याच्याजवळ साधनं होती, सरांजवळ एक पत्र्याचा डबा होता. विचार एकच होता.

मनाशी बोलायचे शब्दही सरांनी बदलले. 'मी विजेती आहे' हे वाक्य सामन्याच्या वेळी मनात यायचं तेव्हा आतूनच कुणीतरी उलट विचारायचं, कशावरून? सरांनी तीनच शब्द दिले : गाल, श्वास, बोट. त्यांवर वाद घालायला मनाला जागाच नव्हती. बऱ्याच वर्षांनी, बँकेतल्या नोकरीबरोबर मानसशास्त्राचा एक अभ्यासक्रम केला तेव्हा याला पुरावा सापडला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की ज्यांचा स्वतःवर फारसा विश्वास नसतो, त्यांनी स्वतःबद्दल गोड वाक्यं घोकली तर त्यांना उलट जास्तच वाईट वाटतं. आणि 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींनी रोज चांगला निकाल लागल्याचं चित्र मनात रंगवायचं, काहींनी अभ्यास करत बसल्याचं. अभ्यासाचं चित्र रंगवणारे जास्त वेळ अभ्यासाला बसले आणि त्यांना गुणही जास्त पडले. निबंध हातात धरून मी त्या रात्री सरांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं, त्यांनाही कळलं."

काकूंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं ऋण याहून निराळं. सरावानंतर आम्हा मुलींना थालीपीठ खायला घातल्याशिवाय त्या जाऊ देत नसत. उतारवयात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. फिजिओथेरपिस्ट रोज यायच्या. त्यांनीच एकदा सांगितलं की हाताच्या व्यायामाबरोबर त्या हालचालीची मनात उजळणी केली तर कधीकधी मदत होते, मात्र व्यायाम सोडून नाही. सर माझ्याकडे बघून हसले. काकूंना काय हवंय ते विचारलं, तर त्या म्हणाल्या, चहाचा कप स्वतःच्या हाताने उचलायचाय.

मग शनिवारी दुपारी मी जाऊन बसायला लागले. "काकू, डोळे मिटा. कप कुठे आहे?" "बशीत." "कान कुठल्या बाजूला?" "उजवीकडे." "बोटं कशी येतायत?" पहिल्यांदा त्या एकदम म्हणायच्या, उचलला. सर खुर्चीतून सांगायचे, "एवढ्या लवकर नाही. चहा सांडेल." मग त्या पुन्हा मनगटापासून सुरुवात करायच्या. अंगठा कानात, कप जड, चहा गरम, वाफ तोंडावर. त्यानंतर डोळे उघडून रिकाम्या कपावर प्रत्यक्ष सराव, थकेपर्यंत. काही महिन्यांनी दोन्ही हातांनी का होईना, त्या अर्धा भरलेला कप ओठांपर्यंत न्यायला लागल्या. पोळी त्यांना पुन्हा लाटता आली नाही, सहीसुद्धा जमली नाही. जेवढं जमलं त्यात व्यायाम किती, औषधं किती आणि डोळे मिटून केलेली तालीम किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं : ज्या दिवशी त्या मनात नीट कप उचलायच्या, त्या दिवशी प्रत्यक्ष सरावाला कंटाळत नसत.

सरांनी माझ्याकडून कधी फी घेतली नाही. नोकरी लागल्यावर मी पाकीट घेऊन गेले, तर त्यांनी ते रेंजच्या छऱ्यांच्या डब्यांसाठी जमा केलं आणि माझ्या नावाची पावती फाडली. ती पावती आणि लाल रेघांची वही माझ्याजवळ आहे. दर रविवारी सकाळी मी दुसऱ्या एका रेंजवर नवीन मुलांना तीच वही लिहायला शिकवते, तेही फी न घेता.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाने भिंतीवर टक्के लिहून ठेवले असतील, तर तो कागद काढून टाकू नका. त्याच्याखाली आणखी एक कागद लावा आणि त्यावर उद्या सकाळी उठल्यावर पहिलं पुस्तक कोणतं, पान कोणतं आणि गणित अडलं तर काय करायचं, हे त्याच्याच हाताने लिहून घ्या.