देवाची जमीन, आमचा हिस्सा

वॉर्डन म्हटलं की आपल्याला आठवतो हॉस्टेलचा, रात्री दहाला गेट लावणारा! अँथनी ट्रोलपच्या 1855 सालच्या ‘द वॉर्डन’मधले हार्डिंगसाहेब मात्र भलतेच गोड गृहस्थ आहेत. (ट्रोलप स्वतः पोस्टातली नोकरी सांभाळून लिहायचा. म्हणजे आपल्याच जातकुळीतला.)

1434 साली एका लोकरीच्या व्यापाऱ्यानं बारा गरीब म्हाताऱ्यांसाठी जमीन ठेवली. पुढे जमिनीचं उत्पन्न वाढत गेलं. पण म्हाताऱ्यांना रोजचे एक शिलिंग चार पेन्स, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या वॉर्डनला, म्हणजे चर्चमधल्या हार्डिंगना, वर्षाला 800 पौंड. मग जॉन बोल्ड नावाचा तरुण सुधारक विचारतो, हा पैसा नक्की कुणासाठी होता? पठ्ठ्या वॉर्डनच्याच मुलीच्या प्रेमात असतो, तरी विचारतो!

इथपर्यंत वाचलं आणि मला इंग्लंडऐवजी हिंगोली जिल्ह्यातलं आमचं गाव दिसायला लागलं.

आम्ही गुरव. महादेवाच्या पूजेसाठी, दिवाबत्तीसाठी निजामाच्या काळापासून जमीन आहे. मराठवाड्यात तिला खिदमतमाश म्हणतात, सेवेपोटी दिलेली. हैदराबाद संस्थानातली इनामं 1954 च्या कायद्यानं गेली, त्यातून धार्मिक संस्थांची मात्र वगळली. म्हणून ती टिकली. विकता येत नाही. पण उत्पन्न वाटून घेतलं जातं. पूजा करतो एकटा काका. उरलेली आम्ही भावंडं पुण्यात नाहीतर संभाजीनगरात. हळद विकली की बटईतला आपापला हिस्सा बरोबर खात्यावर येतो. माझ्या वाट्याला येतात त्यात गाडीचा एक हप्ता सुटतो, बस्स.

गेल्या वर्षी गावातल्या माझ्या एका वर्गमित्रानं तहसीलला अर्ज टाकला. जमीन देवाची, मग पैसा पुण्यात कसा? आमच्या घरात तो तेव्हापासून व्हिलन. मला मात्र त्याचा प्रश्न खोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली मध्य प्रदेशातल्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय, देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा. आणि आम्ही तर व्यवस्थाही बघत नाही.

कादंबरीत बोल्ड दावा मागे घेतो. हार्डिंगना आता कसलाच धोका नसतो, तरी ते राजीनामा देतात. त्यांना केस जिंकायची नव्हतीच, हा पैसा खरंच आपला आहे का एवढंच कळून घ्यायचं होतं. ते मला फार आवडलं. पुढचं वाचून मात्र पोटात गोळा आला. नवा वॉर्डन कुणी नेमतच नाही. हार्डिंग पदरचे रोज दोन पेन्स द्यायचे, तेही म्हाताऱ्यांचे बंद होतात. एकेक म्हातारा जातो, बाग माजते. मित्राचा अर्ज मंजूर झाला तर आमच्या महादेवापुढे दिवा कोण लावणार, हे त्या अर्जात कुठेच लिहिलेलं नाही. काकाला पेन्शनही नाही.

परवा काकाला फोन केला. म्हटलं, माझा हिस्सा इथून पुढे तुम्हीच ठेवा, मी तसं लिहून देतो. काका बराच वेळ गप्प.

“पैसा सोडायचा तर सोड बाबा. पण पाळी कशाला सोडतूस? शिवरात्रीला ये. घागरी उचलून माझे खांदे गेलेत आता.”

सुट्टीचा अर्ज टाकलाय.